ताटातील भाजी आणि बाटलीतील गोळी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले आणि कोणी काय लिहावयाचे याची वाटणी झाली, तेव्हा पाककृती, ओव्या, उखाणे, जुन्या आठवणी असे सगळे विषय भराभर संपले. मी म्हटले, मी इतिहास लिहिते. त्यावर एक मैत्रीण म्हणाली, "कोणाचा? सिंदखेडच्या जिजाऊसाहेबांचा का?" मी म्हटले, "नाही बाई, तो पुष्कळ थोर माणसांनी लिहिला आहे. मी भाजीचा लिहिते." सगळ्या हसल्या. पण भगिनींनो, भाजीलाही इतिहास आहे. त्यात राजेरजवाडे नसले तरी आरमारे आहेत, दुष्काळ आहेत, आणि आपली एक मराठी बाईही आहे.

हा विषय डोक्यात शिरला त्याचे कारण घरचेच आहे. आमचे एक चुलत सासरे होते. माणूस देवासारखा, पण बिडीचे व्यसन भारी. खोकला सुरू झाला तेव्हा बिडी सोडा म्हणून घरातल्या साऱ्यांनी त्यांच्यामागे धोशा लावला. तेवढ्यात गावात मोटारीतून एक औषधविक्या आला. त्याच्याजवळ चकचकीत बाटल्या होत्या, आणि तोंडात एकच शब्द होता, 'अँटिऑक्सिडंट'. रोज एक गोळी घ्या, रक्तातला सगळा कचरा धुऊन निघेल, असे त्याचे म्हणणे. मामंजींनी तीन बाटल्या घेतल्या. एका बाटलीची किंमत म्हणजे शेतातल्या बाईची चार दिवसांची मजुरी. त्या दिवसापासून बिडीचे नाव काढले की ते म्हणावयाचे, "गोळी घेतो ना मी!" अंबाडीची भाजी वाढली तर तीही ताटाच्या कडेला सारावयाचे. गोळीत सगळे आले म्हणे. दोन वर्षांनी ते गेले. गोळीने गेले असे मी म्हणत नाही. फुप्फुसे बिडीने गेली, असेच डॉक्टरांनी सांगितले. पण तो शब्द मात्र माझ्या मनात काट्यासारखा रुतून बसला. पुढे माझी पुतणी शास्त्र शिकू लागली. तिच्याकडून मी पुस्तके वाचवून घेतली, न कळेल तेथे पुन्हा पुन्हा विचारले आणि वहीत टिपून ठेवले. त्या वहीतलेच येथे देते.

हा शब्द समजून घ्यावयास प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघर पुरते. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. विळी ओली राहिली की गंजते. जवसाची चटणी जास्त दिवस राहिली की खवट लागते. तिन्ही गोष्टी दिसावयास निराळ्या, पण तिन्हींत एकाच हवेचा हात आहे. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू, ज्याला शास्त्रज्ञ ऑक्सिजन म्हणतात, तो लोखंडाशी, तेलाशी, वांग्यातल्या रसाशी संयोग पावतो. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. आता चिरलेल्या फोडीवर लिंबू पिळून पाहा. ती लवकर काळी पडत नाही. लिंबातले जे द्रव्य हवेचा मारा आधी आपल्या अंगावर घेते आणि फोडीला वाचविते, ते अँटिऑक्सिडंट. अशी द्रव्ये शेकडो आहेत, आणि बहुतेक वनस्पतींत आहेत. झाडाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. दिवसभर ऊन सोसावयाचे म्हणून ते स्वतःच्या रक्षणासाठी ही द्रव्ये तयार करते. गाजराचा केशरी रंग, जांभळाचा जांभळा, आवळ्याचा तुरटपणा यांच्यामागे हीच मंडळी असतात.

याचा पहिला धडा माणसाने समुद्रावर गिरविला, आणि तोही माणसे मारून. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला हे आपण शाळेत शिकलो. शाळेत शिकवीत नाहीत ते पुढचे. परतीच्या वेळी अरबी समुद्र ओलांडावयास त्याच्या गलबतांना तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, अंगावर काळेनिळे डाग पडले आणि कितीतरी माणसे दगावली. हा स्कर्व्ही रोग. महिनोन्‌महिने वाळकी बिस्किटे आणि खारवलेले मांस खावयाचे, हिरवे पान दृष्टीस पडावयाचे नाही, त्याचा हा परिणाम. पुढे तीनशे वर्षे लढाईत मेले नसतील इतके खलाशी या रोगाने मेले.

१७४७ साली 'सॅलिसबरी' नावाच्या इंग्रज लढाऊ जहाजावर जेम्स लिंड नावाचा वैद्य होता. त्याने बारा आजारी खलाशी निवडले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना सारखेच. औषध मात्र निराळे. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली पेये, एकीला व्हिनेगर, एकीला आम्लाचे थेंब, एकीला चक्क समुद्राचे पाणी, एकीला लसूण-मोहरीची गोळी, आणि एकीला रोज दोन संत्री व एक लिंबू. संत्री-लिंबे सहा दिवसांतच संपली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला. लिंडने १७५३ साली यावर ग्रंथ लिहिला. आरमाराने मात्र सर्व जहाजांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम काढावयास १७९५ साल उजाडले. सरकारी कागद तेव्हाही सावकाशच हलत, म्हणावयाचे.

लिंबात काय आहे ते तरीही कोणास ठाऊक नव्हते. ते शोधले आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरीच्या शास्त्रज्ञाने, आणि गंमत अशी की, तो स्कर्व्हीच्या मागे नव्हताच. आपण वर पाहिले ते वांग्याचे कोडे त्याला पडले होते. काही फळे कापली की काळी पडतात, लिंबू-संत्रे का पडत नाही? १९२८ साली इंग्लंडात केंब्रिज येथे, हॉपकिन्स या मोठ्या शास्त्रज्ञाच्या विभागात काम करीत असता, त्याने संत्र्यातून, कोबीतून आणि बैलाच्या शरीरातील एका ग्रंथीतून एक पांढरे स्फटिकासारखे द्रव्य वेगळे काढले. ते साखरेच्या जातीचे दिसले, पण काय ते कळेना. म्हणून त्याने थट्टेने त्याला 'मला ठाऊक नाही' अशा अर्थाचे शास्त्रीय नाव सुचविले. मासिकाच्या संपादकांना ते रुचले नाही. तेव्हा त्याने 'देव जाणे' अशा अर्थाचे दुसरे सुचविले! तेही अर्थातच नाकारले गेले. तेच द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व, हे पुढे १९३२ साली गिनीपिग नावाच्या प्राण्यावर प्रयोग करून सिद्ध झाले.

पण प्रयोगाला द्रव्य पुरेना. संत्र्यातून ते काढावे तर साखर मध्ये येई. तेव्हा तो हंगेरीत सेगेड गावी राहत होता, आणि तो मुलूख मिरचीचा. एका रात्री बायकोने जेवणात ताजी लाल मिरची वाढली. ही मिरची आपल्या लवंगीसारखी जहाल नव्हे, भाजीची मोठी मिरची. साहेबांना ती खावीशी वाटेना, आणि तसे सांगण्याचे धैर्यही होईना. म्हणून त्याने सांगितले की, ही मी प्रयोगशाळेत तपासून पाहतो. मध्यरात्रीपर्यंत त्याला कळून चुकले की, क जीवनसत्त्वाची खाणच हाती लागली आहे! ही हकीकत पुढे त्यानेच सांगितली. १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मिरचीचा मान वाढणाऱ्या बाईला किती मिळाला, ते मात्र माझ्या वहीत नाही.

आता मी ज्या मराठी बाईचे म्हटले, त्यांच्याकडे येते. त्या कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी. आपल्या वाचनालयात ज्यांची पुस्तके आपण आवडीने वाचतो त्या दुर्गाबाई भागवतांच्या या सख्ख्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्या बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत अर्ज घेऊन गेल्या. तेथे संचालक सर सी. व्ही. रामन. बाई आहे एवढ्याच कारणाने त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. त्या अडून बसल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते ते, आणि त्यांनीही आपल्या परीने सत्याग्रहच केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून धरावयाचे नाही, आणि पुरुष संशोधकांच्या कामात हिच्यामुळे व्यत्यय येता कामा नये! वर्षभरात त्यांचे काम पाहून रामनसाहेबांचे मत पालटले, आणि पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेचे दार उघडले. तेथे कमलाबाईंनी अभ्यास केला तो कशाचा? दुधातील आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा. म्हणजे आपल्या रोजच्या वरणाचा.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. सेंट-ग्यॉर्गीने दहा वर्षांपूर्वी ते पांढरे द्रव्य काढले त्याच हॉपकिन्सच्या विभागात. तेथे बटाट्यावर काम करीत असता त्यांना दिसून आले की, वनस्पतीच्या पेशीपेशीत 'सायटोक्रोम सी' नावाचे एक द्रव्य असते आणि पेशीच्या श्वसनात ते भाग घेते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता म्हणतात. परत येऊन त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात शिकविले, दक्षिणेत कुन्नूरच्या आहार-संशोधनशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले, आणि १९४७ साली लग्न झाल्यावर मुंबईस येऊन विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी नीरेवर अभ्यास केला. डॉ. राजेंद्रप्रसादांनी तो सुचविला होता. ताडाच्या झाडाच्या त्या स्वस्त पेयात क जीवनसत्त्व आणि लोह आहे, गरिबाच्या मुलांना आणि गरोदर बायांना त्याचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखविले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे ग्राहकांची फसवणूक आणि अन्नातली भेसळ यांवरही त्यांनी साध्या भाषेत लिहिले. १९९८ साली त्या वारल्या. मोठमोठ्या प्रयोगशाळा पाहिलेली बाई शेवटपर्यंत डाळ, भाजी आणि नीरा यांच्याभोवतीच राहिली, याचे मला फार अप्रूप वाटते.

ज्या कुन्नूरच्या शाळेचा उल्लेख आला, ती पुढे १९५८ साली हैदराबादेस हलविण्यात आली, आणि तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. आपल्या देशातील कोणत्या भाजीत, कोणत्या धान्यात काय आहे याची कोष्टके याच शाळेने प्रथम केली. आवळ्याचे मोठेपण तेव्हाच आकड्यांत आले. जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. २०१७ साली नव्या पद्धतीने मोजले तेव्हा ते सुमारे २५० भरले. आकडा खाली आला, तरी संत्र्याच्या कितीतरी पट आहेच. आणि आवळ्याची परीक्षा कागदावरच झाली असे नव्हे. १९३९-४० साली तेव्हाच्या पंजाबातील हिसार भागात मोठा दुष्काळ पडला. गुरे मेली, हिरवे पान नाहीसे झाले आणि लोकांना स्कर्व्ही झाला. तेथे लोकांना आवळा देण्यात आला आणि तो लागू पडला. हे वाचले तेव्हा मला आपला १९७२ चा दुष्काळ आठवला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण सासूबाईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की, पाहिल्यासारखाच वाटतो. खडी फोडावयाच्या कामावर जाणे, मुलांना मिळणारी सुकडी, परदेशची ती तांबडी मिलो ज्वारी, आणि बांधावर जो काही तरोटा, जी काही घोळ उगवेल ती खुडून आणणे. त्या म्हणावयाच्या, "भाकर मोजून होती, भाजी नशिबाने होती."

असो. स्कर्व्हीची गोष्ट क जीवनसत्त्वापाशी संपली, पण अँटिऑक्सिडंटची तेथून सुरू झाली. आपल्या पेशी अन्न जाळतात ते चुलीसारखेच. कमलाबाईंनी बटाट्यात पाहिले ते सायटोक्रोम याच चुलीचा एक भाग. चूल पेटली की ऊब मिळते तशा ठिणग्याही उडतात. पेशीतल्या या ठिणग्यांना मुक्त कण म्हणतात. ते जेथे पडतील तेथे चटका देतात. पेशीच्या आवरणातले तेल खवट करतात, म्हणा ना. १९५४ साली रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह दाखविले की, प्राणवायू फार झाला तर शरीराला जी इजा होते आणि क्ष-किरणांनी जी होते, त्या दोन्हींचे मूळ हे कणच आहेत. १९५६ साली अमेरिकेत डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणसुद्धा यांच्यामुळेच येते असे मत मांडले. १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी शोधून काढले की, या ठिणग्या विझविण्यासाठी शरीर स्वतःच एक पहारेकरी तयार ठेवते. तसे आणखीही पहारेकरी आहेत. आणि १९८५ साली जर्मनीतील हेल्मुट सीस यांनी या सगळ्याला नाव दिले. ठिणग्या जास्त आणि पहारेकरी कमी, अशी अवस्था म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण. बिडी, चुलीचा धूर, मिश्री, पुन्हा पुन्हा तापविलेले तळणाचे तेल, काबूत नसलेला मधुमेह, यांनी तो वाढतो. आपल्यापैकी कितीजणींचे डोळे चुलीपाशी गेले ते मी सांगावयास नको.

मग सरळ हिशोब लोकांनी केला. भाजीत ठिणगी विझविणारे द्रव्य आहे, तर भाजी कशाला, ते द्रव्यच काढून गोळीत भरावे! लायनस पाउलिंग हा दोन नोबेल पारितोषिके मिळविलेला शास्त्रज्ञ. त्यानेही १९७० साली पुस्तक लिहून क जीवनसत्त्वाचे मोठमोठे डोस घ्यावयास सांगितले. पुढे तपासणी झाली तेव्हा दिसले की, रोज गोळी घेऊन साधारण माणसाचे पडसे टळत नाही. झाले तर दुखणे थोडे लवकर आटोपते. थोर माणूसही चुकतो, हे मला यात बरे वाटले.

पण खरी परीक्षा फिनलंड देशात झाली, आणि ती माझ्या मामंजींसारख्यांचीच होती. ५० ते ६९ वर्षांचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष. काहींना गाजरातले केशरी द्रव्य, बीटा कॅरोटीन, गोळीतून दिले, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच पोकळ गोळी. पाच ते आठ वर्षे हे चालले. गाजर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे आधी दिसले होते, म्हणून साऱ्यांना मोठी आशा होती. १९९४ साली निकाल लागला. बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला! कोणाचा विश्वास बसेना. पण अमेरिकेत तसाच दुसरा मोठा प्रयोग चालू होता. त्यातही रोग वाढलेला दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत तो मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. पुढे २००७ साली अशा ६८ प्रयोगांचा, दोन लाखांवर माणसांचा, एकत्र हिशोब मांडण्यात आला. गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचे कोठेच दिसले नाही. उलट बीटा कॅरोटीन, अ आणि ई यांच्या गोळ्यांनी मृत्यूंचे प्रमाण थोडे वाढलेलेच आढळले. हे वाचून पुतणी थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मला त्या तीन बाटल्या आठवल्या. मामंजी गेल्यावर तिसरी अर्धी भरलेली निघाली होती.

असे का व्हावे? याची उकल गेल्या काही वर्षांत होत आली आहे. एक तर ठिणगी सर्वस्वी वाईट नाही. शरीर तिचा उपयोग जंतू मारावयास करते, आणि थोडी ठिणगी दिसली की पहारेकरी जागे होतात. २००९ साली जर्मनीत सुमारे चाळीस तरुणांना चार आठवडे व्यायाम करावयास लावले. निम्म्यांना क आणि ई च्या मोठ्या गोळ्या दिल्या. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्या रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्याची शक्ती सुधारली. ज्यांनी घेतल्या त्यांची सुधारली नाही. म्हणजे पहारेकऱ्याला अफू पाजून झोपविल्यासारखे झाले. दुसरे असे की, भाजीतली कडू-तुरट द्रव्ये रक्तात फार थोडी उतरतात. ती स्वतः ठिणग्या विझवितात त्यापेक्षा शरीराच्या पहारेकऱ्यांना हाळी देतात, असे आता मानले जाते. आणि भाजीत ती एकटी नसतात. चोथा असतो, क्षार असतात, शेकडो द्रव्ये थोडीथोडी असतात. १९९७ साली अमेरिकेत ४५९ माणसांना काही आठवडे ठरवून दिलेले जेवण दिले. फळे-भाज्या वाढविल्याबरोबर त्यांचा रक्तदाब उतरला, आणि त्यांच्या जोडीला कमी चरबीचे दूध-दही दिले तेव्हा आणखी उतरला. यात श्रेय अँटिऑक्सिडंटचे किती आणि बाकीच्यांचे किती, हे निवडून काढणे अवघड आहे. खाणाऱ्याला ते निवडण्याची गरजही नाही. कोणत्या पदार्थात अँटिऑक्सिडंट किती याचे एक मोठे कोष्टक अमेरिकेच्या शेतकी खात्याने केले होते. व्यापारी लोक ते आकडे जाहिरातीत मिरवू लागले, आणि काचेच्या नळीतल्या आकड्याचा माणसाच्या शरीराशी तसा संबंध लागत नाही, म्हणून २०१२ साली त्याच खात्याने ते मागे घेतले. तेव्हा पुडीवर छापलेल्या आकड्यांना किती मान द्यावयाचा ते आपणच ठरवावे. डॉक्टरांनी रक्त तपासून एखादी गोळी दिली असेल, गरोदरपणी लोहाची दिली असेल, तर ती गोष्ट निराळी. ती घ्यावयाचीच.

जागतिक आरोग्य संघटनेने माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाजी-फळे सांगितली आहेत. म्हणजे पावशेराहून बरीच जास्त. आपल्या घरात ती कोणाच्या वाट्याला येतात? आधी पुरुषमंडळी, मग मुले, आणि शेवटी बाईसाठी पातेल्याच्या तळचा रस्सा. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असे सरकारच्याच पाहणीत निघाले आहे. त्यात आणखी एक गोम आहे. चहातली तुरट द्रव्येही अँटिऑक्सिडंटच, पण जेवणावर लगेच चहा घेतला तर तीच अन्नातले लोह अडवून धरतात. उलट भाजीवर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. मी चहा जेवणानंतर तासाभराने घेऊ लागले आहे. पहिले आठ दिवस डोके दुखले, हे कबूल करते.

करण्याच्या रीतीतही थोडे आहे. आपण पालेभाजी चिरून मग धुतो. आधी धुवावी, मग चिरावी, नाहीतर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा घालतात, तो घालू नये. केशरी आणि हिरव्या भाजीतले कॅरोटीन मात्र तेलाशिवाय अंगी लागत नाही. तेव्हा आपली जुनी फोडणी शास्त्राला धरूनच आहे. अंबाडी शिजवून आंबट पाणी आपण ओतून देतो. मी त्यातले निम्मे वरणात घालते, घरच्यांना अजून कळलेले नाही. आता ही स्मरणिका वाचून कळेल.

मला खरी चिंता आहे ती निराळीच. सासूबाई मला लग्नानंतर पहिल्याच मृगात शेतात घेऊन गेल्या आणि बांधावरच्या भाज्या एकेक ओळखून दाखविल्या. घोळ, चिवळ, तांदूळजा, कुंजर, तरोट्याची कोवळी पाने, आणि विहिरीपाशी मुंगण्याचे झाड. एका पैशाचा खर्च नाही, नुसते वाकावयाचे आणि खुडावयाचे. आता शेतात सोयाबीन आहे. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक फवारतात. तणाबरोबर ही सगळी भाजीही जळते. वाचली तर ती फवारलेली असते, खाण्याजोगी नसते. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. आमच्याच घरी फवारतात, आणि निंदणाचे दिवस मीही काढले आहेत. पण ज्या पाल्याची महती शास्त्रज्ञ आज सांगतात तो बांधावरून जात आहे, आणि त्याच वेळी त्याचीच वाळवून केलेली पूड बाटलीतून आपल्याला विकावयास माणसे येत आहेत, हे डोळ्यांनी दिसते. माझ्या सुनेला घोळ ओळखता येते, चिवळ येत नाही. दोन्हींच्या पानांत घोटाळा करते.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी आमच्या परसात, जेथे फवारणी येत नाही तेथे, दोन वाफे केले. अंबाडी, तांदूळजा, चिवळ आणि घोळ. चिवळ पहिल्यांदा उगवलीच नाही. बी फार बारीक असते आणि मी ते खोल पेरले होते. दुसऱ्यांदा वाळूत मिसळून वरचेवर शिंपडले तेव्हा आली. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दर वर्षी प्लास्टिकच्या डब्या लुटतो. त्या घरोघरी पडून आहेत. यंदा भाजीच्या बियांच्या पुड्या लुटाव्यात अशी सूचना मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. अंबाडीचे बी माझ्याकडे शेरभर निघाले आहे, तांदूळजाचे मूठभर. चिवळीचे थोडेच आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी बैठकीला येताना घेऊन यावे.